हाड आहे की दगड?

मागच्या बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. आम्ही मुलांना घेऊन त्यांच्या नानीकडे गेलो होतो. नानीचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीच्या काठावर. पाऊस अजून लागला नव्हता. नदी आटून डोहांपुरती उरली होती आणि दोन्ही काठांच्या मातीच्या उंच दरडी उघड्या पडल्या होत्या. दुपारी सगळे लवंडलेले असताना आमचा अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा मामेभाऊ गुपचूप नदीवर गेले आणि असरच्या अजानच्या सुमारास धावतच परत आले. मुलाच्या कुर्त्याच्या ओच्यात दोन दगड होते.

"नानी, डायनासोरचं हाड सापडलं!"

दोनपैकी मोठा दगड खरोखरच हाडासारखा दिसत होता. वीतभर लांब, पांढुरका, गोलसर आणि दोन्ही टोकांना फुगलेला. दुसरा बोटभर लांबीचा, काळपट तपकिरी, चपटा तुकडा. त्याच्याकडे कोणी धड बघितलंही नाही.

मुलांचे मामू लगेच मोबाइल घेऊन पुढे आले. "डायनासोर कसला? हे माणसाच्या बोटाचं हाड दिसतंय. आद कौमची माणसं केवढी उंच होती, माहीत आहे ना?" दहा मिनिटांत फोटो त्यांच्या स्टेटसवर लागला, मग मोहल्ल्याच्या ग्रुपवर गेला. मगरिबपर्यंत फोन सुरू झाले. रात्री तर बाजारच्या गावाहून एक गृहस्थ मोटरसायकलवर आले आणि म्हणाले, "पाचशे रुपये देतो, दगड मला द्या."

नानी चुलीपुढे पायांच्या रश्शाला चमचा देत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आधी ते हाड आहे की दगड, ते तरी बघा. मग कोणाचं ते ठरवा."

नानींच्या या एका वाक्याने आम्हाला कामाला लावलं. पुढचे कित्येक दिवस आम्ही वाचलं, विचारलं, जाणकारांकडे गेलो. सुट्टीत मुलं असे दगड घरोघर आणतात. त्या सगळ्या घरांसाठी आम्हाला कळलेलं इथे मांडत आहोत.

आकारावर जाऊ नका

पहिली गोष्ट आम्ही शिकलो ती ही, की दगड हाडासारखा दिसतो हा काही पुरावा नव्हे. नदी, वारा आणि पाऊस लाखो दगडांना घासून घासून गोल करतात. त्यांतले काही बटाट्यासारखे दिसतात, काही अंड्यासारखे, तर काही हाडासारखे. आपण बटाट्यासारखा दगड घरी आणत नाही, हाडासारखा मात्र आणतो. आपली नजरच असे आकार शोधत असते. ढगात उंट दिसतो, तसंच हे.

उलट, खरं जीवाश्म हाड बहुतेक वेळा अखंड सापडत नाही. सापडतात ते तुटके, झिजलेले तुकडे. त्यांना टोक नसतं, डोकं नसतं. पहिल्या नजरेला ते अगदी मामुली खड्यांसारखे दिसतात. म्हणून जाणकार माणूस बाहेरच्या आकारापेक्षा आतली बांधणी बघतो. दगड कुठे तुटलेला असेल तर ती तुटलेली बाजू सर्वात आधी बघतो.

आणि हाडाची आतली बांधणी कशी असते, हे आपल्या घरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

स्वयंपाकघरातली नळी

नानींनी दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्बानीच्या गोश्तातली एक धुतलेली नळी आणि एक सांध्याचा तुकडा ताटात ठेवला. "यात काय दिसतं ते सांगा," त्या मुलांना म्हणाल्या.

कसायाने आडव्या कापलेल्या नळीत तीन गोष्टी दिसतात. बाहेरून टणक, गुळगुळीत, जाडसर कवच. मध्ये पोकळी, तिच्यात गूदा. आणि सांध्याच्या टोकाकडे गेलं की आत बारीक जाळी, पावाच्या तुकड्यासारखी. ही जाळी कशीही पसरलेली नसते. तिच्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बाहेरच्या कवचापाशी येऊन ती थांबते. म्हणजे बाहेर घट्ट, आत जाळीदार. जनावराचं वजन पेलायचं, पण हाड फार जड होऊ द्यायचं नाही, यासाठी अल्लाहने केलेली ही योजना. बकरी असो, बैल असो की हत्ती, मुळात बांधणी हीच.

हाड मातीत पुरलं गेलं आणि परिस्थिती अनुकूल असली, तर त्यातला मऊ भाग कुजून जातो. ताज्या हाडाच्या वजनात साधारण दोन-तृतीयांश खनिज असतं, बाकी बहुतांश चिवट प्रथिन. प्रथिन हळूहळू नाहीसं होतं. जमिनीतल्या पाण्याबरोबर येणारी खनिजं जाळीच्या छिद्रांत भरत जातात. हजारो, लाखो वर्षांनी हाड दगडासारखं जड आणि कठीण होतं, पण बांधणी तशीच राहते. घर तेच, सामान बदललेलं, असं म्हणा ना. म्हणून तुटलेल्या टोकावर बाहेरचं घट्ट कवच आणि आतली जाळी ओळखू येते. जाळीची छिद्रं वेगळ्या रंगाच्या खनिजाने भरलेली असली तर ती आणखी उठून दिसतात.

बाहेरच्या पृष्ठभागावरही खूण असते. नळीवरून बोट फिरवा. लांबीच्या दिशेने अगदी बारीक रेषा जाणवतात आणि मधूनच टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. त्यातून जिवंतपणी रक्तवाहिनी आत जात असते. झिजलेल्या जीवाश्मावरही अशा रेषा भिंगाखाली दिसू शकतात. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग यासाठी पुरतं.

आम्ही मुलाचा मोठा दगड भिंगाखाली धरला. त्याचं एक टोक तुटलेलं होतं. बाहेर कवच नव्हतं, आत जाळी नव्हती. सगळीकडे सारखाच खडबडीत पांढरा चुना, आणि मधोमध सुईएवढं एक भोक. मुलाचा चेहरा उतरला. मामू म्हणाले, "भोक आहे ना? मग गूद्याची जागाच ती!" आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

फसवणारे दगड

उत्तर पुढे मिळालं. आपल्या भागात हाड म्हणून फसवणारे दगड ठराविकच आहेत. ते ओळखता आले की निम्मं काम होतं.

पहिला, चुनखडीचा खडा. नदीकाठच्या जुन्या गाळात पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना खाली उतरतो आणि कोरड्या ऋतूत साकळून त्याच्या गाठी होतात. शेतकरी त्यांना चांगले ओळखतात. या गाठी पांढुरक्या आणि वेड्यावाकड्या असतात. कधी कधी चुना झाडाच्या मुळाभोवती साकळतो. मूळ कुजून जातं आणि मध्ये बारीक भोक असलेली चुन्याची नळी मागे राहते. अगदी हाडासारखी! मुलाचा मोठा दगड तोच होता. सुईएवढं भोक गूद्याचं नसून मुळाचं होतं. खऱ्या नळीत पोकळी प्रशस्त असते आणि कवच घट्ट असतं, इथे उलटंच होतं.

दुसरा, छिद्राळ काळा दगड. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात छिद्रं राहिली. पाय घासायला असा दगड पुष्कळ घरांत असतो. ही छिद्रं बघून हाडाची जाळीच वाटते. पण बुडबुड्याचं छिद्र एकटं असतं, गोल किंवा लांबट असतं, आतून गुळगुळीत असतं आणि लहानमोठी छिद्रं दगडभर कशीही विखुरलेली असतात. हाडाची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि कडेला घट्ट कवच असतं. छिद्रांत पांढरी किंवा हिरवट खनिजं भरलेली असली तर काळा दगड आणखी फसवतो, एवढं लक्षात ठेवायचं.

तिसरी, गारगोटी. लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या बाहेरून खडबडीत अंड्यासारख्या दिसतात. फोडली तर आत स्फटिक चमकतात. मुलं तिला डायनासोरचं अंडं समजतात.

चौथं, दगड झालेलं लाकूड. ते जीवाश्मच आहे, पण हाड नव्हे. त्यात लाकडाचे लांब धागे आणि आडव्या छेदात वर्षांची वलयं दिसतात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम इथे असे ओंडके मोठ्या प्रमाणावर सापडले आहेत आणि तिथे जीवाश्म उद्यान आहे.

पाचवं, साधं, अलीकडचं हाड. नदीकाठी मेलेल्या गुराढोरांची हाडं भरपूर असतात. ती हलकी, पांढरी, कधी तेलकट असतात. जीवाश्म त्याच आकाराच्या ताज्या हाडापेक्षा सहसा जड लागतं. रंगावर मात्र विसंबू नये. जमिनीत लोह असेल तर हाड तांबूस होतं, दुसरी खनिजं असतील तर काळं, राखाडी, पिवळट, काहीही.

जिभेची आणि लिंबाची परीक्षा

जीवाश्म जिभेला चिकटतं, असं कोणीतरी मुलांना सांगितलं होतं. हे खोटं नाही. जीवाश्म शोधणारे अभ्यासक कधी कधी तुकड्याला जीभ लावून बघतात. हाडातली बारीक छिद्रं ओलावा शोषतात आणि तुकडा जिभेला धरतो. पण चुनखडीचा खडाही जिभेला चिकटतो आणि वाळलेली चिकणमातीसुद्धा चिकटते. शिवाय नदीकाठचा दगड तोंडात घालणं म्हणजे आजाराला दावत देणं. पाहायचंच असेल तर बोट ओलं करून लावा. तेही फक्त कल्पना यावी म्हणून, निकाल म्हणून नव्हे.

दुसरी परीक्षा लिंबाच्या रसाची किंवा सिरक्याची. चुनखडीवर थेंब टाकला की बुडबुडे येतात. पण जीवाश्म हाडाच्या छिद्रांतही चुना भरलेला असू शकतो, मग तिथेही बुडबुडे येतात. आणि आम्लाने खऱ्या हाडाचा पृष्ठभाग खराब होतो. म्हणून संशय असलेल्या तुकड्यावर हा प्रयोग करूच नये. खरवडू नये, हातोडीने फोडू नये, तेल लावून चमकवू नये.

घरच्या घरी आपण फार तर एवढंच म्हणू शकतो, की हा तुकडा जाणकाराला दाखवण्यासारखा आहे की नाही. पक्का निकाल प्रयोगशाळेत लागतो. तिथे तुकड्याचा कागदापेक्षा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती वलयं असतात. दगडात ती येणं शक्यच नाही.

कुठे सापडला?

जाणकार माणूस दगड हातात घेण्याआधी विचारतो, कुठे सापडला? त्यात अर्धं उत्तर असतं.

लाव्हाच्या उकळत्या रसात हाड टिकत नाही. म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळात फुटलेला तुकडा हाड असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. हाडं जपली जातात गाळात, म्हणजे नदी, तळं, पूर यांनी आणलेल्या मातीवाळूत. महाराष्ट्रात असे गाळ दोन प्रकारचे. एक, लाव्हाच्या खालचे किंवा दोन थरांमधले फार जुने गाळ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही अशी ठिकाणं. डोंगरगावच्या लांब मानेच्या डायनासोरला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून इसिसॉरस हे नाव मिळालं आहे. पिसदुऱ्याला हाडांबरोबर गोळ्यागोळ्यांसारखे दगड विपुल मिळतात. ते म्हणजे दगड झालेली विष्ठा! त्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे २००५ साली जगाला कळलं. हाडासारखा न दिसणारा, कोणी उचलूनही न बघणारा गोळा एवढं सांगून गेला.

दुसरा प्रकार, लाव्हाच्या कितीतरी नंतरचे, आजच्या नद्यांचे जुने गाळ. गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरला हत्तीचे जीवाश्म मिळाल्याची नोंद १९०५ सालची आहे. आमच्या मांजरेच्या खोऱ्यातही हत्ती, पाणघोडा आणि रानगुरं यांचे अवशेष मिळाले आहेत. मांजरेत पाणघोडा! मुलांना हे ऐकून डायनासोरचा विसरच पडला.

यावरून मुलाच्या पहिल्या ओरडण्याचंही उत्तर मिळालं. मांजरेच्या काठच्या मातीत डायनासोर सापडणार नाही. ही माती त्यांच्यापेक्षा फार नंतरची आहे.

आद कौमचा फोटो

आता मामूंच्या म्हणण्याकडे वळू. अवाढव्य मानवी सांगाडा आणि त्याच्याजवळ खोदणारा चिमुकला माणूस, असा एक फोटो तुम्हीही पाहिला असेल. सौदीच्या वाळवंटात आद कौमचा सांगाडा सापडला, असं त्याखाली लिहिलेलं असतं. तो फोटो २००२ मध्ये संगणकावर चित्रं जोडण्याच्या एका स्पर्धेसाठी तयार केलेला आहे. त्याचा मूळ फोटो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला, २००० सालच्या एका खोदकामाचा. तिथे हत्तीच्या कुळातल्या मॅस्टोडॉन नावाच्या प्राण्याची हाडं काढत होते. त्यावर कोणीतरी माणसाचा सांगाडा चिकटवला. २००४ पासून तो फोटो आपल्या लोकांत आद कौमचा म्हणून फिरू लागला. २००७ मध्ये तोच फोटो आपल्याच देशातल्या एका मासिकात महाभारतकाळच्या राक्षसाचा म्हणून छापून आला. एकच फोटो, ज्याला जे हवं ते त्याने त्यात पाहिलं.

आद कौमचा उल्लेख कुरआनात आहे आणि त्यावर आमचं ईमान आहे. पण ईमानाला बनावट फोटोचा आधार लागत नाही. उलट, बातमी आली तर आधी तहकीक करा, हे सूरह हुजुरातमध्ये आपल्यालाच सांगितलेलं आहे. 'फॉरवर्ड'चं बटण दाबताना आपण ते विसरतो.

मोठं हाड म्हणजे राक्षसाचं हाड, ही समजूत जुनीच आहे. फिरोजशाह तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकात, नदीचं पाणी वळवण्यासाठी एक टेकडी खोदताना मोठमोठी हाडं निघाली. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने त्याची नोंद केली आहे. काही हाडं हत्तींची म्हणून ओळखली गेली, काही अवाढव्य माणसांच्या हातांची मानली गेली. पण फरिश्त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे, की काही हाडं दगड झाली होती आणि काही अजून हाडच होती. पुढे १८३० च्या दशकात शिवालिकच्या टेकड्यांत जुन्या हत्तींचे आणि इतर प्राण्यांचे जीवाश्म मोठ्या संख्येने मिळाले. फरिश्त्याच्या नोंदीतले हातही हत्तीच्या जातीच्या प्राण्यांचेच असावेत, असं मग अभ्यासकांनी मानलं.

आणि त्याच्याही आधी इब्न सीनाने किताबुश्शिफामध्ये लिहून ठेवलं होतं, की माती आणि प्राण्यांचे अवशेषही दगड होऊ शकतात. लहानपणी जैहून नदीच्या काठी पाहिलेली मऊ माती सुमारे तेवीस वर्षांनी दगडासारखी झालेली आपण पाहिली, असं तो सांगतो. नदीकाठी खेळणाऱ्या मुलाने लक्ष देऊन पाहिलं आणि ते लक्षात ठेवलं, तिथूनच ही विद्या सुरू होते.

जाणकारही चुकतात

मुलाला वाईट वाटलं होतं, म्हणून आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहेत छतावर पानासारखा ठसा दिसला. जगातल्या अतिप्राचीन जीवांपैकी एकाचा तो जीवाश्म आहे, असं २०२१ मध्ये नामवंत अभ्यासकांनी जाहीर केलं. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. पहिल्यांनी चूक मान्य केली.

दुसरी गोष्ट गुजरातची. १९८० च्या दशकात डायनासोरच्या घरट्यातून काही बारीक हाडं मिळाली. ती पिल्लाची, असं वाटलं. कित्येक वर्षांनी पुन्हा नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की त्यांतले मणके सापाचे आहेत. घरट्यात शिरलेला साप तिथेच गाळात गाडला गेला होता. हा शोध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली समजूत चुकीची होती, पण वस्तू आणि तिची नोंद जपून ठेवलेली होती. म्हणून खरं काय ते नंतर कळू शकलं.

त्याच गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावात १९८१ मध्ये भूवैज्ञानिकांना डायनासोरची हाडं मिळाली. तिथल्याच हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस या मांसाहारी डायनासोरचं नामकरण झालं. बालासिनोरच्या नवाबांच्या बाबी घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी अभ्यासकांबरोबर फिरून ही विद्या शिकून घेतली आणि पुढे त्या जागेच्या रक्षणासाठी उभ्या राहिल्या. गावातली एक वृद्ध बाई मसाला वाटायला वापरत असलेला गोल दगड डायनासोरचं अंडं निघाला, हा किस्सा त्या सांगतात. आज तिथे उद्यान आणि संग्रहालय आहे.

छोट्या तुकड्याचं काय झालं

सुट्टी संपताना आम्ही दोन्ही दगड एका डब्यात घालून जिल्ह्याच्या गावी, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे नेले. सरांनी मोठा दगड बघितला, हसले आणि म्हणाले, "मुळाभोवतीचा चुना. छान नमुना आहे बेटा, ठेव तुझ्याकडे."

मग त्यांनी तो काळपट, चपटा, बोटभर तुकडा उचलला. कड भिंगाखाली धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हा कुठे मिळाला?"

एका बाजूला टणक, दाट थर. आत बारीक जाळी, तपकिरी खनिजाने भरलेली. त्यांनी आम्हालाही दाखवली. नानींच्या ताटातली नळीच जणू, फक्त दगडाची. "हे हाड आहे," सर म्हणाले. "खुराच्या मोठ्या जनावराचं असावं, बहुधा रानगुराचं. दरडीत होतं की खाली वाळूत पडलेलं? किती उंचीवर? आजूबाजूला आणखी काही होतं?"

मुलगा आमच्याकडे बघू लागला. त्याला आठवतच नव्हतं. तो तुकडा त्याने जाता जाता उचलला होता. नदीच्या या काठाला की त्या, हेही त्याला सांगता येईना. शिवाय घरी आणल्यावर आम्ही तो स्वच्छ धुऊन काढला होता. त्याच्या भेगांत अडकलेली माती सरांना कामाची होती, ती मोरीतून वाहून गेली. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा नदीवर गेलो, तोवर पहिल्या पावसाचा लोंढा येऊन गेला होता. काठाची एक अख्खी दरड ढासळली होती.

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जागा माहीत असती तर त्या थराचं वय काढता आलं असतं. आता हे फक्त एक हाड आहे."

परतीच्या एसटीत मुलगा खिडकीशी गप्प बसला होता. आम्हीही गप्प होतो. सबंध घर खोट्या हाडाभोवती जमलं होतं आणि खरं हाड त्याच ताटात बाजूला पडून होतं.

तुमच्या मुलाला सापडलं तर

आमच्या चुकीवरून आम्ही घरात काही नियम केले आहेत. ते इथे देतो.

१. दगड जमिनीत किंवा दरडीत रुतलेला असेल तर उपटू नका. दरडीखाली उभंही राहू नका, ती ढासळते.

२. आहे त्या जागी फोटो काढा. शेजारी नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात झाड, पूल, विहीर असं ओळखीचं काही येईल.

३. मोबाइलच्या नकाशावर जागेची खूण करा. तारीख, गाव, नदीचा कोणता काठ, पाण्यापासून किती उंच, मातीचा रंग, हे वहीत लिहा.

४. तुकडा सुटा पडलेला असेल आणि पुरात वाहून जाण्याची भीती असेल, तरच उचला. धुऊ नका. कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आत चिठ्ठी घाला.

५. भिंगाने तुटलेली कड बघा. बाहेर घट्ट आणि आत जाळी दिसली तर दाखवायला न्या. जवळच्या महाविद्यालयाचा भूगर्भशास्त्र विभाग, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग किंवा नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, अशी ठिकाणं आहेत.

६. हाड माणसाचं असावं अशी शंका आली तर हात लावू नका. नदीकाठच्या जुन्या कब्रस्तानांची माती पुरात वाहते. मय्यतीचा आदर राखा आणि पोलीस पाटलांना कळवा.

७. विकू नका आणि विकत घेऊ नका. पाचशे रुपयांत तुकडा गेला की त्याची जागाही कायमची हरवते.

८. निकाल लागेपर्यंत कोणालाही फोटो पाठवू नका. पाठवला असेल आणि चूक कळली, तर तितक्याच लोकांना चूकही कळवा.

आठवा नियम मामूंनी स्वतः घातला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मी टाकलेला फोटो आद कौमचा नव्हता. तो चुन्याचा दगड आहे. माफी असावी." खाली बरेच हसरे चेहरे आले. पण चार दिवसांनी शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने त्यांना फोन केला. विहीर खोदताना त्याला काहीतरी विचित्र लागलं होतं आणि ते कसं बघायचं, हे त्याला विचारायचं होतं. मामूंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "अजून जागेवरच आहे ना? मग हलवू नका."

तपकिरी तुकडा आम्ही सरांकडेच ठेवला. मुलांना शिकवायला उपयोगी पडेल, असं ते म्हणाले. चुन्याची नळी आमच्या शोकेसमध्ये आहे. आमच्या मुलाने तिच्याखाली चिठ्ठी लावली आहे: 'हाड नाही. मांजरा नदी. जागा नक्की आठवत नाही.'

यंदाच्या सुट्टीत नानीकडे जाताना त्याच्या दप्तरात भिंग असेल आणि एक कोरी वही. इन्शाअल्लाह, या वेळी जागा आधी लिहिली जाईल.